देशोदेशीचे शेतकरी : डेन्मार्क – मत माणसाचे, गुरांचे नव्हे

या सदरातून आपण दर खेपेस एखाद्या परमुलखातल्या शिवारात डोकावून येतो. आज जायचे आहे युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क या चिमुकल्या देशात. चिमुकला म्हणजे किती, तर आपल्या एका महाराष्ट्रात असे सात डेन्मार्क मावतील. क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती जेमतेम ६० लाखांची. ग्रीनलंड आणि फेरो बेटे त्याच राज्यात मोडतात, पण त्यांचा कारभार बराचसा स्वतंत्र आहे. म्हणून त्यांना आज बाजूस ठेवू.

नकाशा काढून पाहा. जर्मनीच्या डोक्यावर उत्तरेकडे एक भूमीची जीभ समुद्रात शिरलेली दिसेल. तिचे नाव जटलंड. तिच्या पूर्वेला फ्यून आणि झीलंड ही मोठी बेटे, आणि भोवती चारशेहून अधिक लहान बेटे विखुरलेली. राजधानी कोपनहेगन झीलंड बेटावर, अगदी पूर्व किनाऱ्याला आहे. देशात कुठेही उभे राहा, समुद्र ५०-५२ किलोमीटरपेक्षा दूर नसतो. डोंगर असा नाहीच. सर्वांत उंच जागा १७१ मीटरची. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, म्हणजे अंदाज येईल. हिवाळ्यात दिवस सात तासांचा, तर जूनमध्ये साडेसतरा तासांचा. लोखंडाची किंवा कोळशाची म्हणावी अशी खाण नाही. जमीन पूर्वेकडे बरी, चिकणमातीची. पश्चिम जटलंडमध्ये वाळूची आणि वाऱ्याने सोलून काढलेली. एवढ्या भांडवलावर या लोकांनी आपले लोणी जगाच्या बाजारात अव्वल दराने विकले. ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वेठीतून सुटलेला कुणबी

अडीचशे वर्षांपूर्वी डेन्मार्कचा शेतकरी मोठ्या जमीनदारांचे कूळ होता. जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस वेठ करायची, मग उरल्या वेळात आपले शेत पाहायचे. त्यात १७३३ साली असा कायदा आला की, ज्या जहागिरीत पोरगा जन्मला तिथून त्याने ऐन उमेदीच्या वर्षांत हलायचे नाही. गाव सोडून दुसरीकडे मजुरीला जायचीही मुभा नाही. जमीनदाराला स्वस्त हात आणि राजाच्या फौजेला शिपाई हवे होते, म्हणून ही दावण.

ही दावण २० जून १७८८ रोजी कायद्याने तोडली गेली आणि १८०० सालापर्यंत पायरीपायरीने सगळे मोकळे झाले. त्याची आठवण म्हणून कोपनहेगनमध्ये एक स्तंभ उभारला, तो आजही आहे. त्याच सुमारास दुसरे एक मोठे काम झाले. गावातल्या प्रत्येकाची जमीन पूर्वी लांबच लांब पट्ट्यांत, दहा ठिकाणी विखुरलेली असे. १७८१ च्या कायद्याने ती एकत्र करून मागण्याचा हक्क मालकाला मिळाला. तुकडे जुळले, तशी पुष्कळ घरे गावातून उठून आपापल्या शेतावर वस्ती करून राहिली. पुढे सरकारी आणि पतसंस्थांच्या कर्जाने कुळांनी जमिनी विकत घेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मध्यम शेतकरी आपल्या जमिनीचे मालक बनले होते. १८१४ साली प्राथमिक शिक्षण सर्व मुलामुलींना सक्तीचे झाले, आणि १८४९ साली राजाची मनमानी जाऊन राज्यघटना आली.

हे सांगण्याचे कारण असे की, डेन्मार्कची सहकारी डेअरी सगळे जाणतात, पण डेअरीच्या आधीची ही शंभर वर्षे कुणी पाहत नाही. जमीन आपली झालेली होती आणि अक्षरओळख घरोघर पोचली होती. डेअरीचा पाया तिथे आहे.

परीक्षा नसलेली शाळा

याच काळात ग्रुंटविग नावाचा एक पाद्री होऊन गेला (१७८३-१८७२). तो कवी होता, इतिहासकारही होता. त्याचे म्हणणे असे की, लॅटिन घोकून घेणाऱ्या शाळा साहेब तयार करतात, माणूस नाही. आता शेतकऱ्यालाही राज्यकारभारात मत मिळणार, तर त्याला आपली भाषा, आपला इतिहास आणि आपल्या देशाचा कारभार समजला पाहिजे. आणि तो पुस्तकापेक्षा जिवंत बोलण्यातून समजला पाहिजे. त्याच्या विचारावर पहिली लोकशाळा १८४४ साली दक्षिण जटलंडमधील रोडिंग या गावी निघाली. क्रिस्टेन कोल्ड नावाच्या चांभाराच्या मुलाने १८५१ साली फ्यून बेटावर आपली लोकशाळा काढली आणि ती शेतकऱ्यांच्या पोरांसाठी कशी चालवावी हे दाखवून दिले.

या शाळांची रीत ऐकण्याजोगी आहे. विद्यार्थी अठरा वर्षांपुढचे. शेतीचे काम थंडावले की हिवाळ्यात पाच महिने मुलगे येऊन राहत, आणि उन्हाळ्यात तीन महिने मुली. मास्तर आणि विद्यार्थी एका छपराखाली राहत, एका मेजावर जेवत. परीक्षा नाही, गुण नाहीत, सनद नाही. इतिहास, गाणी, वाचन, हिशेब, थोडे शेतीशास्त्र. यातून नोकरी मिळत नसे. पोरगा परत आपल्या गोठ्यात जाई. पण जाताना सभेत उभे राहून चार वाक्ये नीट बोलण्याचा धीर, आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय बरोबर नेई. पुढे गावोगावच्या सहकारी संस्थांचे चेअरमन आणि पंच म्हणून जी माणसे निवडून आली, त्यांतली बरीच या शाळांत राहून आलेली होती. लोणी काढण्याचे शिक्षण तिथे मिळत नव्हते. चारचौघांत वागण्याचे मिळत होते.

दोन तडाखे

मग देशावर दोन तडाखे बसले. पहिला १८६४ सालचा. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या लढाईत डेन्मार्क हरला आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा मुलूख गमावून बसला. त्यातला उत्तर भाग लोकांचा कौल घेऊन १९२० साली परत मिळाला, बाकीचा गेला तो गेलाच.

हरलेल्या देशात लोक एक तर रडत बसतात, नाही तर सूड घेण्याच्या गोष्टी करतात. डेन्मार्कमध्ये बऱ्याच शहाण्या माणसांनी आपल्याच घरातल्या पडीक जमिनीकडे नजर वळवली. पश्चिम जटलंडमध्ये लाखो एकरांचा माळ होता. खुरटी झुडपे, खाली वाळू आणि वाळूखाली दगडासारखा कडक थर. डालगास नावाच्या लष्करी इंजिनियराने रस्ते बांधताना तो माळ पायाखाली घातला होता. त्याच्या पुढाकाराने १८६६ साली माळ सुधारणारी संस्था निघाली. चुनखडीयुक्त माती वाहून आणून आंबट जमिनीत मिसळणे, पाण्याचे पाट काढणे, वारा अडवण्यासाठी झाडांच्या रांगा लावणे, असे काम पिढ्यान्पिढ्या चालले. सूचिपर्णी स्प्रूसची रोपे त्या माळावर नुसती लावली तर खुरटून बसत. त्यांच्या शेजारी डोंगरी पाइन लावला तर जोर धरत, हे अनुभवाने कळले. असा माळ थोडाथोडा करून शेताखाली आणि वनाखाली आला.

दुसरा तडाखा बाजाराचा. डेन्मार्कचा शेतकरी तोवर धान्य पिकवून इंग्लंडला विकत असे. १८७० नंतर अमेरिकेचा आणि रशियाचा गहू आगगाड्यांनी आणि आगबोटींनी युरोपात येऊ लागला, आणि धान्याचे भाव कोसळले. जर्मनी आणि फ्रान्स यांनी परदेशी धान्यावर जकात बसवून आपल्या शेतकऱ्याला आडोसा दिला. डेन्मार्कने जकात बसवली नाही. तिथल्या शेतकऱ्याने हिशेब असा मांडला की, धान्य स्वस्त झाले आहे तर ते विकू नये, विकत घ्यावे आणि गाईला व डुकराला घालावे. इंग्लंडच्या कारखान्यांतल्या कामगाराला न्याहारीला लोणी, खारवलेले डुकराचे मांस आणि अंडी हवी आहेत. ती आपण पुरवू. धान्य विकणारा देश वीसएक वर्षांत धान्य विकत घेणारा झाला, आणि त्यातच त्याची भरभराट झाली.

येडिंगची डेअरी

पण इथे एक अडचण होती. चांगले लोणी करण्याची सोय मोठ्या जमीनदारांकडे होती. शे-दोनशे गाईंचे दूध एकाच वेळी हाती आले की साय ताजी मिळते, थंड तळघर ठेवता येते, जाणकार बाई कामाला ठेवता येते. तीन-चार गाईंच्या शेतकऱ्याला साय पुरेशी साठवायला बरेच दिवस लागत, तोवर ती आंबे. प्रत्येक घरचे लोणी निराळ्या चवीचे. व्यापारी ते कमी दराने घेई आणि सगळे एकत्र कालवी.

१८७८ च्या सुमारास दूध गरगर फिरवून साय वेगळी काढणारे यंत्र, म्हणजे आपल्याकडचा सेपरेटर, वापरात आले. आता पुष्कळ घरांचे दूध एकत्र आणून एकाच दिवशी त्याची साय काढता येऊ लागली. प्रश्न एवढाच उरला की, यंत्र घ्यायचे कुणी? व्यापाऱ्याने घेतले असते तर शेतकरी त्याला दूध घालणारा गवळी झाला असता. पश्चिम जटलंडच्या येडिंग नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी १८८२ साली ते आपसांत मिळून घेतले. ही डेन्मार्कमधील पहिली सहकारी डेअरी. तिची छोटी इमारत आज संग्रहालय म्हणून जपली आहे.

भांडवल कुठून आणले? कुणाकडेच रोकड नव्हती. सगळ्यांनी मिळून कर्ज काढले आणि प्रत्येक जण सगळ्यांच्या कर्जाला जामीन राहिला. एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. त्यामुळे शेजारी कसा आहे हे पाहूनच लोक सभासद घेत, आणि घेतल्यावर त्याला संभाळूनही घेत. ठरलेल्या वर्षांपर्यंत, घरी लागेल तेवढे ठेवून बाकी सारे दूध डेअरीलाच घालायचे, असे बांधून घेतले होते. बाहेर चार पैसे जास्त मिळाले म्हणून दूध फिरवण्याची सोय नव्हती. नफा दुधाच्या प्रमाणात वाटला जाई. लोणी काढलेले दूध परत मिळे, ते डुकरांना घालायचे. म्हणजे एकाच धारेतून लोणीही निघे आणि मांसही.

आणि मुख्य गोष्ट मतदानाची. गाई दोन असोत की शंभर, सभेत मत एकच. डॅनिश भाषेत ‘डोकी’ आणि ‘गुरे’ हे दोन शब्द उच्चाराने अगदी जवळचे आहेत. त्यावरून तिकडे म्हणच पडली की, आमच्याकडे मते डोकी मोजून होतात, गुरे मोजून नव्हे. आता बड्या शेतकऱ्याने हे मान्य का करावे? कारण लहानांच्या दुधाशिवाय यंत्र दिवसभर चालणार नव्हते. आणि लहान शेतकऱ्याने बड्याच्या शेजारी का बसावे? कारण सभेत त्याचे बोलणे तेवढ्याच वजनाचे होते. दोघांना एकमेकांची गरज होती, आणि ती नियमात लिहून ठेवली होती.

पाहता पाहता येडिंगचे लोण देशभर पसरले. दहा वर्षांच्या आत अशा डेअऱ्या शेकड्यांनी मोजाव्या लागल्या आणि शतक संपेतो संख्या हजाराच्या घरात गेली. १८८७ साली होर्सेन्स येथे मांसाचा पहिला सहकारी कारखाना निघाला. १८९५ साली अंडी परदेशी पाठवणारी सहकारी संस्था निघाली. गावचे सहकारी दुकान तर त्याआधीच, १८६६ साली, सोन्ने नावाच्या पाद्र्याने टिस्टेड येथे कामगारांसाठी काढले होते.

विश्वासाला मोजमाप

कुणाला वाटेल की, तिकडची माणसे जात्याच प्रामाणिक, म्हणून हे जमले. वाचकहो, तसे नाही. माणूस तिथेही माणूसच. दुधात पाणी तिथेही पडत होते. सुरुवातीला दुधाचे पैसे वजनावर मिळत, तेव्हा पातळ दूध घालणाऱ्याचा फायदा होई. म्हणून पुढे स्निग्धांश मोजून पैसे देण्याची पद्धत आली, आपल्या भाषेत ‘फॅट’वर. गाईला काय चारावे आणि काय चारू नये, कारण लोण्याला वास येतो, हेही नियमात असे. अंड्यावर ते देणाऱ्या सभासदाचा क्रमांक उमटवीत. इंग्लंडमध्ये एक अंडे नासके निघाले तर ते कुठल्या घरचे हे इकडे कळे आणि त्याला दंड होई. १८९५ साली वायेन या गावी शेतकऱ्यांनी मिळून एक माणूस पगारी ठेवला. तो घरोघर जाऊन प्रत्येक गाईचे दूध, त्यातला स्निग्धांश आणि तिने खाल्लेला चारा यांची नोंद ठेवी. कोणती गाय पोसते आणि कोणती गाय खाते, हे वर्षाअखेर कागदावर दिसे. १९०१ पासून निर्यातीच्या लोण्यावर एकच ठरलेला छाप बसू लागला. माणसावर विश्वास होताच. पण तो टिकावा म्हणून मोजमाप ठेवले होते.

भांडणेही झाली. रविवारी दूध घ्यावे की देवाचा दिवस म्हणून डेअरी बंद ठेवावी, यावरून कित्येक गावांत दोन तट पडले आणि रविवारी बंद राहणाऱ्या वेगळ्या डेअऱ्या निघाल्या. पण दोन्ही डेअऱ्या सहकारीच होत्या.

घरातली बाई आणि शेतावरचा गडी

लोणी-चीज हे पूर्वी बायकांचे काम होते. हान्ने नील्सेन (१८२९-१९०३) या शेतकरणीने युरोपभर हिंडून चीज करण्याच्या रीती पाहिल्या आणि आपल्या हवार्ती नावाच्या शेतावर निरनिराळे चीज तयार केले. पुढे त्या शेताचे नाव एका चीजला मिळाले. ते आज जगभर विकले जाते. सहकारी डेअऱ्या आल्या तेव्हा घरातले रवी-घुसळणीचे कष्ट गेले, हे खरे. त्याबरोबर बाईच्या हातातला कारभारही डेअरीच्या मॅनेजराकडे गेला, आणि तो बहुधा पुरुष असे. स्त्रियांना गावच्या निवडणुकीत मत १९०८ साली मिळाले आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत १९१५ साली.

शेतावरच्या गड्याची गोष्टही सांगितलीच पाहिजे. ज्याच्याकडे गाय नाही, त्याला डेअरीत मत कुठले? १८९९ च्या कायद्याने भूमिहीन मजुराला छोटी जमीन घेण्यासाठी सरकारी कर्ज मिळू लागले आणि हजारो लहान शेते उभी राहिली. पण नोकराला मालकाच्या धाकात ठेवणारा जुना कायदा जायला १९२१ साल उजाडले. सहकाराचे गोडवे गाताना ही बाजू झाकू नये.

मुंबईपर्यंत आलेला धागा

या डेअऱ्यांसाठी डेन्मार्कमध्ये यंत्रे बनू लागली आणि ती परदेशी जाऊ लागली. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली, ती डॅनिश डेअरी यंत्रांचे एजंट म्हणून. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल येणे थांबले. तेव्हा त्यांनी इथेच छोटा कारखाना घालून यंत्रे बनवायला घेतली. ‘लार्सन अँड टुब्रो’ या आजच्या प्रचंड कंपनीची सुरुवात अशी लोण्यादुधाच्या यंत्रांतून झाली.

आजचे डेन्मार्क

मग आज तिथे सारे आलबेल आहे काय? पिकांखाली देशाची निम्म्याहून अधिक जमीन आहे. पण गेल्या शतकाच्या मध्यास दोन लाखांच्या आसपास शेते होती, ती आता तीस हजारांच्या आसपास आली. लहान शेतकरी मोठ्यात विरघळला. गावोगावच्या डेअऱ्या एकमेकींत मिसळत गेल्या आणि २००० साली डेन्मार्क व स्वीडन येथील दोन बड्या संस्था मिळून ‘आर्ला’ झाली. तिची मालकी अजूनही शेतकऱ्यांचीच आहे, मात्र ते युरोपच्या सात देशांत पसरलेले आहेत. येडिंगच्या सभेत सगळे एकमेकांना नावाने ओळखत. आता प्रतिनिधी निवडून पाठवावे लागतात. संस्था वाढली की सभासद आणि कारभार यांत अंतर पडते, ते तिथेही पडले आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा. देशात माणसांपेक्षा डुकरे जास्त आहेत. शेणखत आणि रासायनिक खते यांतले नत्र वाहून खाड्यांत जाते, तिथे शेवाळ माजते आणि पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. यावर २०२४ साली सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गरक्षक संस्था यांनी एका मेजावर बसून करार केला. त्यानुसार गुराढोरांपासून निघणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर बसायचा आहे, आणि अडीच लाख हेक्टरांवर नवी वनराई उभी करायची आहे. ज्या देशाने माळ फोडून शेत केले, तोच देश आता काही शेत परत झाडांना देणार आहे. शेतकऱ्यांना हे सोपे जात नाही, आणि त्यावर वादही आहेत. पण वाद करायला तिन्ही पक्ष मेजावर बसले, हे त्या देशाच्या जुन्या वळणाला धरून झाले.

लोकशाळा आजही चालू आहेत, सत्तरच्या आसपास. त्यांच्यापैकी आस्कोव येथील शाळेत पौल ला कूर या मास्तराने १८९१ साली पवनचक्कीवर वीज तयार केली आणि खेड्यातल्या पोरांना वीजकाम शिकवले. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते.

तेव्हा डेन्मार्कची गोष्ट नुसत्या लोण्याची गोष्ट म्हणून सांगू नये. आधी जमीन कुळाच्या नावावर झाली, मग पोरगा-पोरगी शाळेत गेली, मग सभेत बोलायला शिकली, आणि त्यानंतर डेअरी निघाली. डेअरी निघाल्यावरही फॅट मोजणारा माणूस आणि एका डोक्याला एक मत, या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. आपल्या गावच्या संस्थेची वार्षिक सभा जवळ आली असेल, तर अहवाल पुढे येईल तेव्हा नुसता हात वर न करता तो वाचून पाहावा, आणि दोन गाईंचा सभासद बोलायला उठला तर त्याला पुरते बोलू द्यावे. डेन्मार्कच्या शेतकऱ्याकडून एवढे उचलायला ना कर्ज लागते, ना यंत्र.